एका नावाची चार घरे

आपल्या मोहल्ल्यांतून एकाच नावाची माणसे पुष्कळ असतात. यूसुफ म्हटले की कोणता यूसुफ, हे विचारावेच लागते. टेलर यूसुफ, घड्याळवाला यूसुफ, मशिदीमागचा यूसुफ. नावापुढे धंदा, गल्ली किंवा वडिलांचे नाव लागले की माणूस नेमका सापडतो, आणि आपले नाव दुसऱ्याने घेतले म्हणून कोणी कोणावर रागावत नाही. गाण्यांच्या बाबतीत ही सोय राहिलेली नाही. एका नावाची दोन गाणी, दोन चित्रपट, दोन ध्वनिमुद्रिका असल्या की त्यांतले एक पुढे येते आणि दुसरे त्याच्या सावलीत जाते. सावलीत गेलेले गाणे कोणाचे होते हे विचारणाराही मग उरत नाही.

असे एक नाव 'दिल-ए-नादाँ'. १९५३ मध्ये या नावाचा चित्रपट आला आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. १९५४ मध्ये याच शब्दांनी सुरू होणारी गालिबची गझल 'मिर्झा गालिब' चित्रपटात गायली गेली. १९८२ मध्ये 'दिल-ए-नादान' नावाचा दुसरा चित्रपट आला, त्याचाही अल्बम निघाला. १९८३ मध्ये 'रझिया सुलतान'मध्ये लता मंगेशकर यांनी 'ऐ दिल-ए-नादाँ' गायले. तीस वर्षांत एका नावाने चार घरे केली. पहिल्या दोन घरांचा संगीतकार एकच, गुलाम मोहम्मद. पुढच्या दोन घरांचा संगीतकारही एकच, खय्याम. हा योगायोग माझ्या लक्षात आला तेव्हा त्याच्या मागे आणखी काही धागे आहेत का ते पाहावेसे वाटले. धागे निघाले, आणि अपेक्षेपेक्षा जास्त निघाले.

आधी शब्दांकडे पाहू. 'दिल' आणि 'नादाँ' यांच्यामधला 'ए' म्हणजे इजाफत. फारसीतून उर्दूत आलेली ही जोडणी. उर्दू लिपीत ती 'दिल'च्या लामखाली एका छोट्या झेरने दाखवतात, आणि बहुतेक छापील मजकुरात तो झेरही नसतो. वाचणाऱ्याने तो मनाने घालायचा असतो. त्यामुळे उर्दू येणाऱ्याला न दिसणारी गोष्टही वाचता येते आणि न येणाऱ्याला दिसणारी गोष्टही चकवते. देवनागरीत कोणी 'दिले नादान' लिहितो, कोणी 'दिल ए नादान' असे तीन तुकडे करतो. रोमन लिपीतल्या पोस्टरवर मधला 'ई' मोठा करून मांडला की तो एखाद्याच्या नावातल्या आद्याक्षरासारखा दिसतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ या शब्दांचा अर्थ 'दिल, ए नादान!' असा घेत. म्हणजे कोणीतरी रागावून हाक मारते आहे असा. खरे तर इथे मनाला 'वेडे मन, अजाण मन' एवढेच म्हटले आहे. मराठीतही 'नादान' शब्द आहे, पण आपण 'नादान कार्टे' म्हणतो तेव्हा त्यात राग असतो. उर्दूत 'नादाँ'मध्ये राग कमी आणि माया जास्त.

या जोडणीवर कोणाचीही मालकी नाही. पण ती सर्वांच्या तोंडी बसवली गालिबने, हेही खरे. गझलेला मुळात शीर्षक नसतेच. दीवानात गझला लावतात त्या रदीफच्या शेवटच्या अक्षराच्या क्रमाने, आणि वाचक गझल ओळखतो ती मतल्याच्या पहिल्या शब्दांनी. शीर्षक हवे होते ते ग्रामोफोन कंपनीला. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर काहीतरी छापायला हवे, म्हणून सुरुवातीचे दोन-चार शब्द तिथे गेले आणि तेच गझलेचे नाव झाले. त्या कागदाने कधी न्याय केला, कधी नाही. 'महल' (१९४९) मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' छापले होते. ते पडद्यावरच्या पात्राचे नाव. 'महल'चे दिग्दर्शक होते कमाल अमरोही. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता पहिले घर. १९५३ चा 'दिल-ए-नादाँ' परळच्या कारदार स्टुडिओचा. ए. आर. कारदार यांच्याकडे त्याआधी दहाएक वर्षे संगीत म्हणजे नौशाद, असे समीकरण होते, आणि नौशाद यांचे सहायक होते गुलाम मोहम्मद. ते बिकानेरजवळच्या नाल या गावचे. वडील नबी बख्श तबलजी, आणि स्वतः गुलाम मोहम्मद यांचा हात ढोलकवर असा की नौशाद यांच्या त्या काळातल्या गाण्यांचा ठेका कान देऊन ऐकला तर तो हात ओळखू यावा. १९४७ च्या 'टायगर क्वीन'पासून ते स्वतंत्र संगीतही देऊ लागले होते, तरी नौशाद यांच्याकडचे काम त्यांनी सोडले नव्हते. 'आन' (१९५२) पर्यंत ते सहायक राहिले. नौशाद यांचा कारदारांसाठीचा 'दीवाना' १९५२ मध्ये आला, आणि पुढच्या वर्षीचा 'दिल-ए-नादाँ' त्याच स्टुडिओत गुलाम मोहम्मद यांच्याकडे आला. जिथे इतकी वर्षे दुसऱ्याच्या चालीला ठेका दिला, तिथेच आता चाल आपली.

नायक होते तलत महमूद. गाणारे आणि पडद्यावर दिसणारेही तेच. सोबत श्यामा आणि पीस कंवल ही नवी मुलगी. गाणी शकील बदायुनी यांची. तलत यांचे अभिनयाचे प्रकरण फार काळ चालले नाही, आणि माझ्या मते ते बरेच झाले. त्यांच्या आवाजातला कंप चेहऱ्याशिवायच जास्त बोलतो. पण या चित्रपटात त्यांनी गायलेली गाणी आजही जुन्या लोकांच्या ओठांवर आहेत. आमच्या अब्बांना त्यातली दोन पाठ होती. मागावर काम करताना ती गुणगुणायची त्यांना सवय होती आणि मागाच्या आवाजात ती फक्त त्यांनाच ऐकू येत.

या चित्रपटात आणखी एक आवाज होता, जगजीत कौर यांचा. पंजाबातून आलेली ही मुलगी नुकतीच चित्रपटांत गाऊ लागली होती. 'दिल-ए-नादाँ'मध्ये गुलाम मोहम्मद यांनी तिला एकटीची गाणीही दिली आणि तलत, सुधा मल्होत्रा यांच्याबरोबर एक तिहेरी गाणेही. आवाज किंचित जाडसर आणि घरगुती. लग्नघरात मोठी बहीण गाते तसा. वर्षभरातच, १९५४ मध्ये, तिचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव खय्याम. तीस वर्षांनी 'दिल-ए-नादाँ' नावाची दोन कामे करणारे खय्याम ते हेच.

दुसरे घर १९५४ चे, शिवडीच्या मिनर्व्हा मूव्हीटोनचे. सोहराब मोदींचा 'मिर्झा गालिब'. कथा सआदत हसन मंटो यांची. मंटो मुंबईत असतानाच ती लिहून गेले होते. १९४८ च्या जानेवारीत ते लाहोरला गेले आणि १९५५ च्या जानेवारीत तिथेच वारले. संवाद राजिंदर सिंग बेदी यांचे. भारत भूषण गालिब झाले आणि सुरैया चौदहवीं झाली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पंडित नेहरूंनी सुरैयाला, तू गालिबच्या आत्म्याला पुन्हा जिवंत केलेस, अशा अर्थाची दाद दिल्याची हकीकत बहुतेक जुन्या रसिकांना तोंडपाठ असते. सुरैयाच्या प्रत्येक आठवणीत ती येते. त्या चाली कोणाच्या होत्या, हे मात्र त्या हकीकतीत क्वचितच येते. चाली गुलाम मोहम्मद यांच्या होत्या.

गालिबला चाल लावणे सोपे नाही. शब्द जड असले की संगीतकार वाद्ये वाढवतो किंवा गायक ताना घेतो, आणि शेर मागे पडतो. गुलाम मोहम्मद यांनी उलटे केले. 'दिल-ए-नादाँ'च्या चालीत शेर आधी पोचतो, मग सूर. गझल एकाने न गाता तलत आणि सुरैया या दोघांत वाटली, हीही त्यातली युक्ती. गालिबची ही गझल म्हणजे प्रश्नांची माळ आहे. आधी मनाच्या दुखण्याचा प्रश्न, मग त्याच्या औषधाचा, मग हे सुंदर चेहरे, ही हिरवळ, हे ढग, ही हवा हे सगळे काय आणि कुठून, असे थेट विश्वाला विचारलेले प्रश्न. एकाच माणसाने इतके प्रश्न विचारले की ते चिंतन होते. दोघांनी आळीपाळीने विचारले की संवाद होतो. चित्रपटाला संवाद हवा होता. सेतुमाधवराव पगडींनी मराठी वाचकाला गालिब समजावून दिला. पण ज्यांनी ना पगडी वाचले ना दीवान उघडला, त्यांच्यापर्यंत गालिब पोचला तो या तबकड्यांतून, हे मान्य करायला हवे.

म्हणजे १९५३ आणि १९५४ या लागोपाठच्या वर्षांत संगीतकार गुलाम मोहम्मद, आवाज तलत महमूद, आणि 'दिल-ए-नादाँ' हे शब्द दोन्हीकडे. दोन्ही चित्रपटांत शकीलही होते, कारण 'मिर्झा गालिब'मधली गालिबची नसलेली गाणी त्यांची. जुन्या याद्या पाहताना एक शब्द एका ठिकाणी चित्रपटाच्या रकान्यात आणि दुसऱ्या ठिकाणी गाण्याच्या रकान्यात दिसतो. तिथे गोंधळ होणारच. आमच्या घरात कॅसेटची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यातल्या एका कॅसेटवर अब्बांनी उर्दूत एवढेच लिहिले होते : 'दिल-ए-नादाँ, तलत'. दोन्ही अर्थ बरोबर.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. एकाचे शब्द दुसऱ्याने घेणे, याकडे आपण हल्ली चोरीच्या नजरेने पाहतो. उर्दूत तो रिवाज आहे. तरही मुशायऱ्यात एक मिसरा आधीच जाहीर होतो आणि सगळे शायर त्याच 'जमीन'वर, म्हणजे त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफमध्ये, आपापली गझल बांधून आणतात. तजमीनमध्ये तर दुसऱ्याचा मिसरा आपल्या कवितेत सरळ बसवतात, पण अवतरणचिन्हात. फैज अहमद फैज यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'नक्श-ए-फरियादी' (१९४१). ते गालिबच्या दीवानाच्या पहिल्याच शेरातल्या शब्दांवरून आले, हे उर्दूचा कोणताही वाचक न सांगता ओळखतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रात घडले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना मुंबईत अटक झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तिथे त्यांनी नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली, जी तेव्हा पाठवता येणारच नव्हती. १९४६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, नाव 'गुबार-ए-खातिर'. हे नाव आपले नाही, हे मौलानांनी स्वतःच सांगून टाकले आहे. मीर अजमतुल्लाह बेखबर बिलग्रामी यांनी या नावाची एक छोटी पुस्तिका लिहिली होती. तिच्यावरून आपण नाव उसने घेतले, असे ते सांगतात. आज मौलानांचे पुस्तक सर्वत्र आहे आणि बेखबर बिलग्रामींची पुस्तिका शोधूनही मिळणे कठीण. पण मौलानांचे पुस्तक जिथे जाते तिथे बेखबर यांचे नावही जाते. नाव घेण्याची रीत ही अशी. (याच पुस्तकात मौलानांचे संगीतावर एक लांब पत्र आहे. तरुणपणी ते सतार शिकले होते आणि ताजमहालाच्या आवारात रात्री ती वाजवीत बसत, हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये एकदा बराच वाद झाला होता. तो इथे नको.)

मौलानांनी बेखबर यांच्याशी जे केले ते चित्रपटसृष्टीने गुलाम मोहम्मद यांच्याशी केले नाही. 'मिर्झा गालिब'नंतर त्यांना मोठी कामे मिळायला हवी होती. मिळाली ती थोडी, आणि त्यांतले सर्वांत मोठे काम लांबत गेले. कमाल अमरोही यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेला 'पाकीझा' रखडत रखडत १९७२ मध्ये आला. त्याची गाणी गुलाम मोहम्मद यांनी केली होती. ती लोकांच्या तोंडी बसलेली पाहायला ते राहिले नव्हते. १९६८ मध्ये ते वारले. पार्श्वसंगीत आणि राहिलेले काम नौशाद यांनी पुरे केले. ज्या उस्तादाचा सहायक म्हणून उमेदीची वर्षे काढली, त्याच उस्तादाने शेवटी शागिर्दाचे काम पूर्णत्वाला नेले. या नात्याबद्दल काही लोक कडवट बोलतात. मला ते पटत नाही. नौशाद यांनी पाकीझाची गाणी आपली म्हणून कधी सांगितली नाहीत.

त्या वर्षीचा फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार 'बेईमान'साठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. त्याच चित्रपटासाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. 'पाकीझा'च्या गुलाम मोहम्मद यांना डावलले म्हणून प्राण यांनी तो घेतला नाही. आपल्याच चित्रपटाच्या संगीतकाराविरुद्ध, आणि तेही हयात नसलेल्या माणसासाठी, अशी भूमिका घेणारा दुसरा नट मला आठवत नाही. पुढे १९७७ मध्ये 'पाकीझा'साठी ध्वनिमुद्रित झालेली पण चित्रपटात न घेतलेली गाणी 'पाकीझा रंग-ब-रंग' या नावाने बाहेर आली. एका नावाच्या दोन ध्वनिमुद्रिका तिथेही झाल्या. एक सर्वांच्या घरात, दुसरी मोजक्या शौकिनांच्या.

गुलाम मोहम्मद गेले तरी कमाल अमरोही होते. त्यांचा पुढचा मोठा चित्रपट 'रझिया सुलतान', आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले संगीतकार खय्याम. ज्या दिग्दर्शकाने १९५४ च्या 'दिल-ए-नादाँ'च्या संगीतकाराकडून 'पाकीझा' करून घेतला, त्यानेच आता १९५३ च्या 'दिल-ए-नादाँ'च्या गायिकेच्या पतीला बोलावले. खय्याम यांचेही नावाशी एक जुने प्रकरण आहे. पूर्ण नाव मोहम्मद जहूर खय्याम हाशमी. पण १९४८ च्या 'हीर रांझा'ला त्यांनी रहमान यांच्यासह संगीत दिले ते 'शर्माजी-वर्माजी' या नावाने. फाळणीनंतरचे दिवस होते ते. रहमान पाकिस्तानात गेले, शर्माजी काही काळ शर्माजीच राहिले, आणि मग खय्याम झाले. हे तखल्लुसही उसनेच. मूळ धनी निशापूरचा उमर.

'रझिया'ला वेळ लागत होता. दरम्यान १९८२ मध्ये दक्षिणेतले दिग्दर्शक श्रीधर यांचा 'दिल-ए-नादान' आला. राजेश खन्ना, शत्रुघ्न सिन्हा, जयाप्रदा, स्मिता पाटील. संगीत खय्याम, गीते नक्श लायलपुरी. हा आजच्या शहरातला प्रेमाचा तिढा. गालिबशी किंवा कारदारांच्या चित्रपटाशी याचा संबंध नावापुरताच. किशोरकुमार आणि लता यांचे त्यातले चांदण्या रात्रीचे द्वंद्वगीत अजून ऐकतात. बाकी चित्रपटाविषयी फार सांगण्यासारखे नाही. चार घरांतले हे भाड्याचे घर म्हणावे.

चौथे घर मात्र वाडा आहे. 'ऐ दिल-ए-नादाँ'चे शब्द जाँनिसार अख्तर यांचे. ते १९७६ मध्येच वारले. चित्रपट १९८३ चा. त्यांच्या मागे राहिलेल्या गाण्यांसाठी निदा फाजली यांना बोलावले गेले आणि कैफ भोपाली यांचीही गाणी चित्रपटात आहेत. म्हणजे गुलाम मोहम्मद यांना 'पाकीझा'चे जे झाले ते जाँनिसार यांना 'रझिया'चे झाले. कमाल अमरोही यांचा चित्रपट माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब असे.

जाँनिसार यांनी गालिबचे शब्द नुसते घेतले नाहीत, तर त्याच्याशी रीतसर सलामदुवा केली आहे. गालिबच्या गझलेची रदीफ 'क्या है'. जाँनिसार यांच्या मुखड्याचे तुकडेही 'क्या है'वरच संपतात. गालिब मनाला दुखणे विचारतो, जाँनिसार मनाला त्याची इच्छा आणि त्याचा शोध विचारतात. वृत्ताची गंमत तर आणखी मोठी. मराठी गझलेचे वाचक लगावली जाणतात म्हणून त्याच भाषेत सांगते. गालिबच्या मतल्याची पहिली ओळ चालते 'ललगागा लगालगा गागा' अशी. तिचा उत्तरार्ध 'लगालगा गागा'. त्यातला पहिला लघु काढून टाका, उरते 'गालगा गागा'. जाँनिसार यांच्या मुखड्याचा प्रत्येक तुकडा नेमका एवढाच आहे. 'ऐ दिल-ए-नादाँ' म्हणून पाहा, 'गालगा गागा'. गालिबच्या ओळीत इजाफतचा 'ए' लघु म्हणायचा, इथे तोच 'ए' गुरू. उर्दूत दोन्ही चालते. शब्द तेच, पण एका मात्रेने श्वास बदलतो. वर्गात हे फळ्यावर मांडले की एरवी अरूजला कंटाळणारी मुलेही बोटांवर मोजू लागतात.

या छोट्या तुकड्यांमुळेच खय्याम यांना ती जागा मिळाली, जी या गाण्याची ओळख ठरली. तुकडा संपतो, लताबाई थांबतात, वाद्येही थांबतात, आणि वाळवंटाएवढी शांतता येते. मग पुढचा तुकडा. गालिबच्या सलग ओळीत अशी जागा नव्हती, आणि गुलाम मोहम्मद यांना ती नकोही होती; त्यांना दोन माणसांचे बोलणे उभे करायचे होते. इथे एकटी रझिया आहे, समोर कोणीच नाही, आणि प्रश्नाला उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक आहे. दोन्ही चालींत कोणती श्रेष्ठ, या वादात मी पडत नाही. पण खय्याम यांची चाल ऐकताना मागे गालिबची जमीन आहे आणि त्या जमिनीवर या भाषेत आधी घर बांधणारा गुलाम मोहम्मद आहे, हे माहीत असले की ती शांतता रिकामी वाटत नाही.

याच चित्रपटात कब्बन मिर्झा यांनी दोन गाणी गायली आहेत. ते विविध भारतीचे निवेदक. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार ही नावे श्रोत्यांना सांगणे हे त्यांचे रोजचे काम. अब्बा सांगत, रेडिओमुळे आम्हाला प्रत्येक गाण्याची चारही माणसे पाठ होती, कारण निवेदक ती सांगितल्याशिवाय तबकडी लावतच नसे. मागावर बसलेला, शाळा अर्धवट सोडलेला माणूस शकील आणि मजरूह यांच्यातला फरक जाणत होता तो असा.

माझ्या वर्गातल्या मुलांना ती सोय नाही. गेल्या वर्षी दहावीच्या मुलींना ही गझल शिकवायची होती. आदल्या दिवशी 'दिल-ए-नादाँ ऐकून या' म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच शेराला एक मुलगी उभी राहिली. "टीचर, मैंने सुना तो इसमें ये वाला शेर था ही नहीं." तिने मोबाइलवर 'रझिया सुलतान' ऐकले होते. दुसरीने जगजीत सिंग यांची चाल ऐकली होती, गुलजार यांच्या १९८८ च्या 'मिर्झा गालिब' मालिकेतली. तिचे शेर जुळत होते. तिसरीने किशोरकुमारचे काहीतरी ऐकले होते आणि ती फारच गोंधळली होती. १९५४ ची चाल पस्तीस मुलींपैकी एकीनेही ऐकली नव्हती. मोबाइलच्या पडद्यावर गाण्याचे नाव ठळक असते, खाली गायकाचे नाव, आणि बऱ्याचदा तिथेच संपते.

आता 'मिर्झा गालिब' हे नावही पाहा. १९५४ ची गुलाम मोहम्मद यांची गाणी, १९८८ चा जगजीत-चित्रा यांचा अल्बम, दोन्हींचे नाव एकच. दुसरी ध्वनिमुद्रिका इतकी गाजली की आजच्या पिढीला 'मिर्झा गालिब' म्हटले की जगजीत सिंग यांचाच आवाज आठवतो. त्यात जगजीत सिंग यांचा दोष नाही. त्यांची चाल त्यांनी कमावली आहे.

कायद्याला विचारले तर तो या भानगडीत पडत नाही. 'देसी बॉइज' चित्रपटाच्या नावावरून एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितले की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. मला हा निकाल आवडतो. नाहीतर 'दिल-ए-नादाँ' हे शब्द कोणाच्या तरी तिजोरीत गेले असते आणि जाँनिसार यांना परवानगीसाठी रांगेत उभे राहावे लागले असते. नाव मोकळे राहिले ते ठीकच. मोकळ्या नावाखाली कोण कोण राहून गेले, याची नोंद ठेवायची की नाही, हे मात्र कायदा सांगू शकत नाही.

त्या दिवशी मी वर्गात चारही गाणी लावली. १९५३ च्या चित्रपटातले म्हणून जगजीत कौर यांचे एक गाणे घेतले. मुलींना जगजीत म्हणजे जगजीत सिंग एवढेच माहीत; बाईचा आवाज ऐकून त्या हसल्या. नावाचा हा आणखी एक गोंधळ. मग मी त्यांना सांगितले की या बाई खय्याम यांच्या पत्नी, 'शगुन'मध्ये गायल्या, 'उमराव जान'मध्येही गायल्या. खय्याम २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेले आणि दोन वर्षांनी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, त्याही गेल्या. तलत-सुरैयाची गझल सुरू झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने संगीतकाराचे नाव पुन्हा विचारले. मी सांगितले. तिने वहीत उर्दूत लिहून घेतले आणि विचारले, "टीचर, गुलाम के नीचे झेर आएगा क्या?"

"नाही," मी म्हटले. "इथे इजाफत नाही. हे माणसाचे नाव आहे."